घामाचा डाग

वाणगाव,
११ फेब्रुवारी १९६९

प्रिय पुंडलिक,

साडेचार वर्षांनी माझं अक्षर बघून तुला पत्र फाडावंसं वाटेल. खुशाल फाड, पण वाचून झाल्यावर.

मी बोईसरचा कारखाना सोडला, हे तुझ्या कानावर आलं असेलच. आता वाणगाव स्टेशनसमोर सायकली दुरुस्त करतो. लेथवर लोखंड कातणारा एवढा नावाजलेला टर्नर पंक्चर काढत बसतो म्हणून लोक हळहळतात. मी डोळ्यांचं निमित्त सांगतो. डोळे ठणठणीत आहेत. सायकलीचं एक बरं असतं, माप थोडं इकडेतिकडे झालं तरी ती चालते, आणि माझ्या हातांचा घामही तिला बाधत नाही.

त्या घामावरून तू माझी किती टर उडवायचास! मी तयार जॉबला, कातून झालेल्या तुकड्याला, नुसतं बोट लावलं तरी आपल्या खाऱ्या हवेत सकाळपर्यंत त्यावर गंजाचा ठसा उमटायचा. "वामन्या, तुजे हात हायत का मिठागर?" म्हणायचास आणि माझ्या खांद्यावर कोरडं फडकं टाकायचास. मी साताऱ्याहून शिकून आलेला, आणि मुरब्याच्या कोळ्याचा पोर मला जॉब कसा धरायचा ते शिकवतो, याचा मला भारी राग यायचा. पण तुझं काम बघितलं की तो टिकायचा नाही. तुझा शेवटचा कट सुरू झाला की मी माझं लेथ बंद करून बघत उभा राहायचो.

तो पंपाचा शाफ्ट आठवतो? ऑगस्टातले दमट दिवस. तू मोजून, तेल लावून तो फळीवर ठेवलास आणि घरी गेलास. इतका देखणा झाला होता की मला राहवेना. तेल पुसलं, उघड्या हातांनी उचलला, उजेडात फिरवून पाहिला. पुन्हा तेल लावायचं राहिलं. सकाळी तुझ्या आधी आलो, तर बेअरिंग बसायच्या जागेवरच माझा अंगठा तांबूस उमटलेला. घाबरलो आणि पॉलिश पेपर घेऊन घासत सुटलो. डाग गेला, पण त्याच्याबरोबर मापही गेलं. केसाच्या जाडीहूनही कमी, पण तेवढ्याने बेअरिंग सैल बसलं आणि शाफ्ट बाद झाला. शेठ सगळ्यांसमोर तुला नाही नाही ते बोलले. तू मान खाली घालून म्हणालास, "माजंच मोजताना चुकलं आसंल." मी दोन हातांवर गप्प उभा होतो. भ्याडासारखा वागलो, पुंडलिक. तुझं काम गेलं, नारळी पौर्णिमेनंतर तू होडीवर गेलास, आणि पंचक्रोशीत कुणी तुला पुन्हा लेथवर उभं केलं नाही.

पुढे दोन वर्षं मी तिथे काढली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. कुणी मायक्रोमीटर हातात घेतला की वाटायचं, आता सापडलो. शेवटी सोडलंच काम. मुरब्याचं माणूस दिसलं की मी रस्ता बदलायचो. तुला काही ठाऊक नाही, एवढाच काय तो आधार होता.

परवा पोरीला घेऊन बाजारात गेलो, तर तुझी आई सुक्या बोंबलांची टोपली घेऊन समोरच आली. पळायला जागा नव्हती. रखमाबाईंनी माझ्या मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हीच नं ती? पुंडलिक तवा मनला, आये, शाफ्टावर घासल्याचे वरखडे मी वळखले. पन वामनच्या मंदाला दिवस हायत, मुलखापासून लांब हायत ती. आपल्याला होडी तरी हाय." त्यांना वाटत होतं, हे सगळं मला माहीतच आहे. मी भर बाजारात रडलो. त्या बिचाऱ्या गोंधळल्या, आणि पोरीच्या हातात चार बोंबील ठेवून निघून गेल्या.

काल बोईसरला गेलो. तुझ्याच मशीनपाशी उभं राहून शेठना सगळ्यांदेखत खरं काय ते सांगितलं, लिहूनही दिलं. त्यांनी कागद वाचून घडी घातली. मग म्हणाले, पुंडलिकला पाठवून दे. जायचं की नाही ते तू ठरव. क्षमा मला कागदावर मागायची नाही. येत्या रविवारी मंदाला आणि पोरीला घेऊन मुरब्याला येतोय. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर त्या दिवशी खुशाल समुद्रात जाता यावं, म्हणून हे आधी कळवतोय. पण होडी कधीतरी किनाऱ्याला लागेलच. तोवर आम्ही तिथे बसून राहू.

अजून म्हणू देशील तर,
तुझाच
वामन