निरसं दूध

आई, तुझ्यावर मी अजून चिडलेली आहे. केस पांढरे झाले, लोकांची टिंगल लिहून पोट भरायचा माझा धंदाही बरा चालला, पण हा राग उतरत नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत तू जन्मभर जीवशास्त्र शिकवलंस. दूध का उकळायचं, हे तुझ्याकडून न शिकलेलं पोर हुबळीत सापडणं कठीण. सांधेदुखीसाठी तुला स्टिरॉइड चालू होती, त्यानं अंगातली प्रतिकारशक्ती दबली होती, आणि कच्चं दूध ओठाला लावायचं नाही हे डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं. तू नुसती मान नाही डोलावलीस. घरी येऊन मला त्याचं कारणही समजावलंस.

मग तुझ्याच प्रकृतीसाठी अक्कानं सत्यनारायण घातला. तुझी थोरली बहीण ती. तिच्यापुढे बोलायची धारवाडातल्या वकिलांचीही टाप नव्हती. पंचामृताला दूध निरसंच हवं, तापवलेलं देवाला चालत नाही. पळी घेऊन ती तुझ्यासमोर उभी आहे. मी म्हणते, "अक्का, तिला कच्चं दूध नको सांगितलंय." "दूध कुठलं? तीर्थ आहे ते," अक्का म्हणते. "सुम्ने घे गं, गुमान. तुझ्यासाठीच केलंय की सगळं." आणि तू, दूध उकळण्यावर तास घेणारी बाई, हात पुढे करतेस, पितेस, ओला हात डोळ्यांना लावतेस.

पुढे ताप, ताठलेली मान, आणि मला न ओळखणारे तुझे डोळे. लिस्टेरिया, डॉक्टर म्हणाले. हा जंतू पेशीच्या आत शिरतो, आतच वाढतो आणि तिथूनच शेजारच्या पेशीत घुसतो; धडधाकट माणूस बहुधा निभावतो, तुझ्यासारख्यांच्या मात्र तो मेंदूपर्यंत जातो. मी पंचामृताचं सांगितलं. "खात्रीनं नाही सांगता यायचं, पण असू शकतं," ते म्हणाले. दवाखान्यातल्या बाकावरून अक्का म्हणाली, "तीर्थानं कुणी मरतं का?" तेराव्याला नातेवाईक जिलबी खात म्हणत होते, "भाग्याची हो, पूजा होऊन गेली." मला कुणाला तरी चावावंसं वाटत होतं. पण अक्कावर किती चिडणार, कच्च्या दुधानं काय होतं ते तिला ठाऊकच नव्हतं. तुला ठाऊक होतं. जीव दिलास, पण बहिणीचं मन मोडलं नाहीस. आपल्यात याला चांगुलपणा म्हणतात.

आता अक्काची केमो चालू आहे. डॉक्टरांची ताकीद तीच, तिच्या घरात पूजाही तीच. गेल्या आठवड्यात केलगेरीच्या गवळ्याकडून तिनं निरसं दूध मागवलं. मी चांगलं धारदार भाषण तयार करून स्वयंपाकघरात शिरले. ती स्टुलावर बसून केळी चिरत होती, मनगटावरून बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. "काय गं, तोंड का वाकडं?" "काही नाही." ती बाहेर गेली तशी मी ते दूध उकळलं, पातेलं गार पाण्यात ठेवून निववलं, साय काढली आणि पुन्हा तिच्याच तांब्यात ओतलं. पंचामृत पिऊन अक्का म्हणाली, "बघ, निरशा दुधाची चव. तापवलं की मरतं बघ दूध."

"होय की, अक्का," मी म्हटलं.

तोंडावर नको म्हणायला मलाही जमलं नाही, आई. आणि हे पत्र कुठं लपवावं तेही सुचत नाही. उद्या अक्का माझ्याकडे राहायला येतेय.