दलदलीच्या कादंबरीतली एकुलती एक बाई

ती. इंगाताईस,

धाकट्या हाल्वरचा नमस्कार. तुझा गुडघा थंडीत कुरकुरत नाही ना? चर्चच्या तळघरातली कॉफी अजून तूच करतेस असं ऐकतो. मंडळी प्रवचनानंतर जागी होत असतील, बरं आहे. मीही ठीक आहे. म्हणजे अन्न गोड लागत नाही, पोस्टाची गाडी दिसली की छातीत धडधडतं, पण एकंदरीत ठीक.

कारण माझी कादंबरी. नऊ वर्षं ती लिहीत होतो हे तुला माहीत आहेच (दर नाताळात तू "संपली का?" विचारतेस आणि मी विषय बदलतो). गोष्ट सांगते ती आपल्या घरामागची दलदल, दहा हजार वर्षांची. माणूस एकही नाही, कारण शेवाळाचा जीव आणि माझा जीव एकाच मोलाचा हे माझं तत्त्व, आणि माणूस एकदा पुस्तकात शिरला की सगळ्या खुर्च्या अडवून बसतो. न्यूयॉर्कच्या संपादक मिस पेटिंगिल यांनी गेल्या वर्षी जूनमध्ये चारशे पानं वाचून फोन केला. फार सभ्य बाई. म्हणाल्या, शेवाळ छान वाढतंय, पण एकशे नव्वदाव्या पानावर कोल्हा मरतो त्यापलीकडे काही घडत नाही, आणि तोही म्हातारपणानं मरतो. एक तरी माणूस घाला, नाहीतर पुस्तक निघणार नाही.

मी तीन दिवस जेवलो नाही (चौथ्या दिवशी शेजारच्या आर्डिसनं भट्टीतून गरम काढलेलं बटाट्याचं हॉटडिश आणून ठेवलं, ते भांड्यासकट खरवडलं). मग ठरवलं, दलदलीलाच विचारावं. टोपी काढून तिच्यात उभा राहिलो आणि उत्तराची वाट पाहता पाहता मांडीपर्यंत आत गेलो. तत्त्वानं पाहता घाबरायचं कारण नव्हतं, दोन-तीन हजार वर्षांत कुजून माझं उत्तम पीट, म्हणजे जळाऊ माती, झालं असतं. पण डासांनी तोंडाचा ताबा घेतला (त्यांचाही जीव त्याच मोलाचा, हे तेव्हा सुचलं नाही) आणि मी ओरडलो. आर्डिसनं ट्रॅक्टरला दोर बांधून मला उपटलं. बूट तिथंच राहिले.

दोर गुंडाळत ती म्हणाली, "एक विचारू? बावन्न वर्षांचा गडी तू. मी हाकेच्या अंतरावर होते. मग 'ताई, ताई' म्हणून बोलावत होतास कुणाला?"

मी तसाच अनवाणी निघालो. घरी येऊन लिहायला बसलो आणि पुस्तकात माणूस आला. तू आलीस. एकोणिसाव्या वर्षी फावडं घेऊन दलदलीतून चर खणणारी, पाणी काढून तिला मारायला निघालेली. (चर दलदलीनं दोन वर्षांत बुजवून टाकला, ते वेगळं.) बारा पानं दलदल तुझा द्वेष करते. मिस पेटिंगिल म्हणतात, सगळ्या पुस्तकात तेवढीच पानं जिवंत आहेत. पुस्तक छापून झालंय.

तुझा,
हाल्वर

ता. क. तुझ्या वाचनमंडळानं नोव्हेंबरसाठी हेच पुस्तक निवडलंय असं कळलं. तेवढं बदलता येईल का? नाव मी दुसरं दिलंय, पण फावडं धरायची पद्धत तुझीच आहे. सगळ्याजणी कॉफीचा घोट घेऊन "वेगळंच आहे हो" म्हणतील, आणि आपल्या गावात यापेक्षा वाईट कुणी कुणाला बोलत नाही.

ता. क. २. खरं सांगू? मला भीती मंडळाची नाही, तुझी वाटते. तू चर का खणलास ते पुस्तकात नाही. एकच माणूस घालायचा होता, म्हणून गळ्यापर्यंत रुतलेला सहा वर्षांचा मुलगा मी गाळला. तू त्याला बाहेर काढलंस आणि दुसऱ्या दिवशी फावडं उचललंस, हे कुणालाच कळणार नाही. मला याची फार लाज वाटते.

ता. क. ३. पुढच्या आवृत्तीत एक पान वाढवायला मिस पेटिंगिल तयार आहेत. मी बसलो लिहायला, पण मला फक्त तोंडात गेलेला चिखल आणि तुझी ओली वेणी आठवते. तू मला कसं ओढून काढलंस ते लिहून पाठव. रागानं लिहिलंस तरी चालेल.