बाबिलोनचं दार

कार्डिफ, ३० ऑगस्ट २०२५

ती. मीनाक्षीकाकूस,
सा. न. वि. वि.
तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि दीनानाथकाका मधे बोलतात, म्हणून पत्र. मी चिडलोय. मंडळाच्या गणपतीपुढचा देखावा माझा. ठरलं होतं, प्राचीन काळातलं एकेक साम्राज्य उभं करायचं आणि सगळ्यांसमोर पाडायचं. आधी अक्कड, मग असिरियाचं निनेवे, विसर्जनाला बाबिलोन. काल निनेवे पाडलं, पब्लिकने टाळ्या पिटल्या. चहा घेऊन येतो तर अध्यक्षमहाराज, म्हणजे आपले काका, थर्माकोलचे बुरूज ग्लूने परत चिकटवतायत. म्हणे बाप्पासमोर पडझड अशुभ. मग दरवर्षी बाप्पाला पाण्यात कोण सोडतं?
इथे सीगलने माझे चिप्स पळवले, तेही डोळ्यांत बघून. असो. असिरियाच्या राजांनी शेजाऱ्यांना लुटलं, शेवटी शेजाऱ्यांनीच निनेवे जाळलं. ते उभंच ठेवलं तर इतिहास कसला, जाहिरात झाली. बाबिलोन अर्धं आहे, राहू दे तसंच. मी येत नाही.
राग काकांवर, तुमच्यावरची माया आहे तशीच.
कुश

ईलिंग, लंडन, १ सप्टेंबर

चि. कुश यास अनेक आशीर्वाद.
माझा राग वेगळा. ताटातले मोदक टाकून गेलास. युनिव्हर्सिटी अर्धी, नोकऱ्या अर्ध्या, आता बाबिलोनही. एक गोष्ट पुरी करशील तर शपथ.
आता ऐक. कमिटीने यांना सांगितलंय, विसर्जनानंतर अध्यक्ष कमिटीतली तनिषा. आपल्या गॅरेजमध्ये यांनी सुरू केलेलं मंडळ, रे. कुणाजवळ बोलले नाहीत. निनेवे पडलं, लोक टाळ्या वाजवत होते, तेव्हा हे माझ्या शेजारी उभे होते. मीही सुनावलं, ग्लू लावून खुर्ची टिकत नाही. तेव्हापासून अबोला आहे.
माफी ते मागणार नाहीत. शनिवारी ये किंवा नको येऊस, पण वेळेवर जेव.
तुझी काळजी वाहणारी,
काकू

कार्डिफ, ३ सप्टेंबर

ती. काकूस,
सा. न. वि. वि.
आता राग डबल झालाय. आधी कळलं असतं तर मी पाडलं नसतं, असं वाटतं तुम्हाला? पाडलंच असतं. पण काकांना समोर उभं करून नाही. स्वतःच्या तोंडाने सांगायला काय झालं होतं त्यांना? मी काय कमिटी आहे?
शुक्रवारी कोच बसने येतो. बाबिलोन पुरं करीन आणि शनिवारी ते पडेलच. फक्त खरं बाबिलोन जळलं नव्हतं. इराणचा राजा आला आणि म्हणतात, फारशी लढाई न होता शहर त्याच्या हाती गेलं. म्हणून मी नुसतं एक मोठं निळं दार करणार. बाहेर तनिषा उभी राहील. आतून दार काकांनी उघडायचं, स्वतःच्या हाताने, सगळ्यांसमोर. ते नाही म्हणाले तर मी लाथ घालून उघडीन, मग खुर्ची दिली की गेली, ते सगळ्यांनाच दिसेल.
रागासकट तुमचाच,
कुश