रविवारची फुरशी

१२ एप्रिल, रविवार
सापडलं! मनमाडच्या पुढच्या माळावर, भरपूर तंगडतोड करून झाल्यावर. आज रिकाम्या हाताने परत जायचं असं मी मनात म्हणतच होते, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, तो डावीकडचा चपटा दगड बघा बरं." आकडीने उचलला तर खाली फुरसं. वेटोळं घालून गप्प बसलेलं, डोक्यावर बाणासारखा पांढरट ठसा. मी पोटावर पालथी पडून फोटो काढत राहिले. ते हललंसुद्धा नाही.

"तुमच्यासमोर साप शांत बसतात वहिनी. हात हलका आहे तुमचा."

दातांच्या डॉक्टरला याहून मोठी शाबासकी नाही. विनू असता तर हसला असता. पालीला किंचाळणारी ती बाई हीच का, असं विचारलं असतं. त्याच्या मागे मी घरातून क्लिनिक आणि क्लिनिकमधून घर, एवढीच उरले होते. त्याच्या या धाकट्या भावाने विनूचाच जुना कॅमेरा माझ्या हातात कोंबला आणि रविवारी माळावर ओढून नेलं. दिलीप भाऊजी सर्पमित्र. मनमाडात कुणाच्या न्हाणीत साप निघाला की यांना फोन जातो. पकडायचा आणि वस्तीबाहेर नेऊन सोडायचा, फुकटचं काम. त्यांच्या बायकोच्या, रेखाच्या भाषेत, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या."

पाठ दुखतेय. खूप खूश आहे.

१५ एप्रिल, बुध.
आज एका पेशंटने तोंडात कापूस असताना विचारलं, तुम्हीच त्या फुरशावाल्या डॉक्टर ना? होय बाई, मीच. तोंड उघडं ठेवा.

मृणालचा फोन. (तिच्या गॅलरीत जूनमध्ये माझं प्रदर्शन. अजून खरं वाटत नाही.) प्रत्येक फोटोखाली एकच ओळ घ्यायची म्हणतेय, मीच दिलेली: "जिथे सापडलं, जसं सापडलं, तसंच." तिला फार आवडलीय. मलाही. गेल्या वर्षी कॅमेरा क्लबात एकाने सरडा फ्रिजमध्ये ठेवून, गारठवून, फांदीवर बसवून फोटो काढल्याचं मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. सगळ्यांदेखत धुतला होता मी त्याला. तेव्हापासून असल्या लोकांना मी फ्रिजवाले म्हणते.

२१ एप्रिल, मंगळ.
प्रिंट आले. एवढे मोठे पहिल्यांदाच पाहिले. हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवले आणि चहा घेऊन समोर बसले.

जानेवारीतलं फुरसं, चांदवडच्या डोंगराखालचं. शेजारी फेब्रुवारीतलं, नांदगावच्या बाजूचं. दोघांच्या उजव्या डोळ्यामागे तोच व्रण. तिरपा. त्याच्याखालचे दोन खवले एकमेकांत मिसळल्यासारखे.

चहा तसाच राहिला.

भिंग आणलं. मी पेशंटचा चेहरा विसरते, पण दाढ विसरत नाही. एक्स-रे पाहून नाव सांगते. डोक्यावरच्या बाणाचं डावं टोकही दोन्हीकडे सारखंच तुटलेलं. एकच प्राणी आहे हा.

चांदवड कुठे, नांदगाव कुठे! बसने गेलं की काय?

२२ एप्रिल
कामात लक्ष नाही. एका काकांची दाढ काढताना सहायक म्हणाली, मॅडम, भूल दिली का? दिली होती. पण तिला विचारावं लागलं यातच सगळं आलं.

फोटो कोणत्या दिवशी, कुठे काढला यात माझी काही चूक झाली असेल का, हे दहादा तपासलं. नाही. दोन्ही वेळा भाऊजी बरोबर होते. दोन्ही वेळा दगड त्यांनीच दाखवला होता.

भलतंसलतं डोक्यात येतंय. लिहीत नाही.

२५ एप्रिल, शनि.
न कळवता मनमाडला गेले. येवल्याला पैठणी बघायला निघालेय, वाटेत डोकावले, असं खोटं सांगितलं. भाऊजी बाहेर गेले होते. रेखा एकटीच, कुरडया घालत होती. उठलीही नाही, आपलेपणानेच म्हणाली,

"ताई, तुमचं उद्याचं वर ठेवलंय बघा. गुरुवारीच आणलंय यांनी. लय गरम होतंय म्हणून मी ओलं गोणपाट टाकलंय त्याच्यावर."

मी म्हटलं, माझं काय?

"ते फुरसं ओ. रविवारचं."

पोटमाळ्यावर चढले. गोणपाटाखाली प्लॅस्टिकची बरणी, लोणच्याची असते तशी, झाकणाला भोकं पाडलेली. आत वेटोळं. गप्प. त्या गप्पपणाचीच तर मी दोन वर्षं फुशारकी मारत आले. ते शांत नव्हतंच कधी, गळून गेलेलं होतं. शिडीवरून उतरता येईना. रेखाने कुरडईच्या हातांनीच धरून उतरवलं.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?" तिचं तोंड उघडंच राहिलं. "अगं बया. मला वाटलं तुमचं दोघांचं ठरलेलं हाय. शिनेमावाल्यांचं असतंय तसं."

भाऊजी आले. मला पाहिलं, मग शिडीकडे पाहिलं. मीच ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. आठवतंय तेवढं लिहिते.

मी: किती दिवसांपासून?

ते: पहिल्यापासून नाय, वहिनी.

मी: व्रण असलेलं ते दोनदा कसं आलं?

ते: थंडीत दगडाखाली काही गावत नाही. तुम्ही एवढ्या लांबून येणार. म्हणून चांदवडला तुमचं झाल्यावर ते परत उचललं. ठेवून घेतलं.

मी: आता कुठंय ते?

ते: "मेलं. मार्चात. काही खाईना."

रेखा पदर तोंडाला लावून उभी.

बरणीतलं लगेच सोडायला लावलं. ज्या वस्तीत पकडलं होतं तिच्यामागच्या ओढ्याशी, निवडुंगाच्या आडोशाला. मी बरोबर गेले. बरणी आडवी केली तरी ते बराच वेळ बाहेरच येईना. मग आलं आणि कपारीत गेलं. कॅमेरा गाडीतच ठेवला होता. निफाडपर्यंत कशी आले आठवत नाही, द्राक्षबागा दिसायला लागल्या तेव्हा कळलं की मी गाडी चालवतेय.

२६ एप्रिल, रवि.
गेले नाही. दिवसभर गाऊनवर.

साप पकडून घरात ठेवायचा नसतो, वन खात्याला कळवून लगेच सोडायचा असतो, हे मला भाऊजींनीच शिकवलं! नव्या पोरांना दम भरतात ते यावरून. आणि डोक्यावर पोटमाळा, पोटमाळ्यावर फुरसं, खाली रेखा कुरडया घालतेय. झाकण सैल राहिलं असतं तर?

त्या फ्रिजवाल्याला मी काय काय बोलले होते ते सगळं शब्दन् शब्द आठवतंय. त्याचा फ्रिज तरी त्याच्या घरात होता. माझा मी दिराच्या घरी ठेवला होता आणि मला पत्ताच नव्हता.

२९ एप्रिल
मृणाल: "दारात शिरल्याशिरल्या तो जानेवारीतला लावू या. काय सुंदर बसलंय ते!"

हो म्हणाले. नाही म्हणायला तोंडच उघडेना.

३ मे, रवि.
भाऊजींचा मेसेज, फक्त हात जोडलेले. मी उत्तर दिलं नाही.

सगळे प्रिंट जमिनीवर मांडले. कोणतं माझं? सरडे माझे असतील, पळणारा सरडा कोण ठेवणार. तो खडकावरचा, गळ्याचा निळा पंखा उघडून बसलेला, नक्की माझा. घोरपड माझीच, तिने तर मला पळवलं होतं. पण फुरशी? "फुरशावाल्या डॉक्टर" आहे ना मी? एकेक उचलून आठवत बसले, दगड मी निवडला की त्यांनी दाखवला. प्रत्येक वेळी त्यांचा आवाज ऐकू येतो. तो दगड बघा बरं. ते बोरीच्या बुंध्याशी बघा बरं.

मला दिसतं असं वाटायचं. विनू गेल्यावर मला एकच गोष्ट नव्याने आली होती, ती म्हणजे बघणं. बाकी सगळं त्याच्याबरोबरच शिकले होते, त्याच्याबरोबरच संपलं. हे तेवढं माझं होतं. त्यातलं किती माझं आहे तेच आता कुणी सांगू शकत नाही. फार राग येतोय आणि फार रडू येतंय.

७ मे, गुरु.
शेवटी मीच फोन केला. म्हटलं, भाऊजी, प्रदर्शन तोंडावर आलंय. कोणती ठेवलेली आणि कोणती खरी, एवढंच सांगा. खरी तेवढीच लावते.

"सगळी ठेवलेली नाहीत, वहिनी."

"कोणती नाहीत?"

"आता नाय ध्यानात. खरंच नाय."

मग आपण होऊन बोलायला लागले. हा माणूस एवढं सलग कधी बोलत नाही. पहिल्या रविवारी आपल्याला काही मिळालं नव्हतं. तुम्ही गाडीत बसलात आणि म्हणालात, मला कशाचंच काही वाटत नाही. रडला असतात तर बरं झालं असतं. मला दादाच दिसायला लागला समोर. दुसऱ्या आठवड्यात न्हाणीत फुरसं निघालं एकीच्या. म्हटलं नाहीतरी सोडायचंच आहे, माळावरच सोडतो, वहिनी यायच्या जरा आधी. तुम्ही असल्या हसलात त्या दिवशी! मग बंद कसं करू?

ते म्हणाले, चुकलं माझं. मी म्हटलं, ते मेलं भाऊजी. म्हणाले, हो.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की त्यांच्यावर रागवायची जागाच त्यांनी काढून घेतली. हेही चिडण्यासारखंच.

१० मे, रवि.
एकटी गेले माळावर, पहिल्यांदाच. नेहमीच्या वाटेने, पायात जाड बूट, हातात आकडी. उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली. दगड उचलायचा, बघायचं, होता तसा परत ठेवायचा. विंचू, वाळवी, एक सापसुरळी. फुरसं नाही.

एक बाई शेळ्या घेऊन चालली होती. "काय हरवलं ओ ताई?" फुरसं शोधतेय म्हटलं. ती शेळ्यांसकट दहा पावलं मागे सरकली. "आमी तं ते दिसू नये म्हनून देवाला नवस बोलतो!"

रिकाम्या हाताने परत. तो अगदी पहिला सोडला, तर दोन वर्षांत माळावरचा रविवार असा पहिल्यांदाच गेला. म्हणजे सगळे रविवार असेच असतात तर.

१४ मे
रेखाचा फोन. "ताई, हे धड जेवत नाहीत. सापाचे फोन आले तरी दुसऱ्या पोरांना धाडतात. तुम्ही रविवारी या की." म्हटलं, घरी नाही येणार. माळावर जाईन, एकटीच, नेहमीच्या वाटेने. त्यांना म्हणावं काळजी करू नका, मला राग नाही. राग नाही असं तोंडाने म्हटलं खरं.

मृणालला सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळं पक्कं हवंय. कार्डं छापायला जाणार. "ती ओळ तशीच ठेवू ना?" सांगते म्हटलं.

१७ मे, रवि.
आत्ताच घरी आले. बूटसुद्धा काढलेले नाहीत. विसरायच्या आत लिहिते.

आज ढग होते, ऊन कमी. नेहमीची वाट सोडली नाही, फक्त ओढा ओलांडून जरा वर गेले. एक काळा दगड, खालची बाजू जरा उचललेली. का तोच, सांगता येणार नाही. कुणी बघा बरं म्हणालं नाही. मीच आकडी घातली.

खाली फुरसं. वेटोळं घालून, लहानसं, अंगावरची नक्षी लख्ख. गप्प.

इतका आनंद झाला की तोंडातून आवाज निघाला. कॅमेऱ्याला हात घातला. आणि मग मी काय केलं? जमीन बघितली. बुटांचे ठसे आहेत का, दगडाच्या कडेला माती ताजी उकरलेली दिसते का, गोणपाटाचा धागाबिगा. सापाकडे नाही, जमिनीकडे बघत होते मी! सुकलेल्या गवतावर काय कळणार. रेखाला मी सांगितलं होतं एकटी येणार, नेहमीच्या वाटेने. का सांगितलं मी?

तिथूनच फोन लावला. एका हातात आकडी, तिच्यावर दगड तोललेला.

"भाऊजी, हे तुम्ही ठेवलं का?"

"काय?" मग एकदम, "सापडलं? कुठं? वहिनी, सापडलं तुम्हाला?" आवाजात इतका आनंद, की विनूचाच आवाज वाटला.

"ठेवलं का तुम्ही?"

"नाही वहिनी. तुमची शपथ, नाही. मी घरातून हललो नाही."

खरं सांगत असतील. पण मला आनंद व्हावा म्हणून हा माणूस दोन वर्षं खोटं बोलला, आणि शपथ तो माझ्या आनंदासाठीच घेणार. यापुढे त्यांच्या हो-नाहीवरून मला काय कळणार?

म्हणाले, "फोटो काढला का?"

दगड हळूच खाली टेकवला, होता तसा. आणि निघून आले. अर्ध्या वाटेवर परत फिरावंसं वाटलं, फिरले नाही.

मृणालला उद्या सांगायचंय. काय सांगू ते ठरत नाही. डोक्यात एकच घोळतंय. ते खरं असेल, तर मी स्वतः शोधलेलं पहिलं फुरसं मी तसंच टाकून आले. फोटोसुद्धा न काढता.