सव्विसावा पलंग

प्रिय सिग्रिड मावशी,

नमस्कार. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात तुझा गुडघा सैलावला असेल. इथे मॉन्टानात थंडी आहे, आम्ही सगळे ठीक आहोत आणि इस्पितळ उघडं आहे. यातलं शेवटचं वाटतं तितकं सहज घडलेलं नाही.

तू प्रेमाने दिलेला ओकचा पलंग (रोग्यांच्या नातेवाइकांना टेकायला) घोळाचं मूळ ठरला. आपल्यासारख्या आडगावच्या इस्पितळाला सरकारचा विशेष दर्जा हवा, तर दुसरं इस्पितळ खूप लांब किंवा घाटापलीकडे असावं लागतं, आणि पंचवीसपेक्षा जास्त पलंग चालत नाहीत. दर्जा गेला की सरकारी मदत गेली, मदत गेली की दाराला टाळं. (मागच्या वर्षी छातीत दुखलं तेव्हा वेंडेल मामाला घाट ओलांडावा लागला असता, तर आज तो मला शिव्या द्यायला नसता.) तुझा पलंग सव्विसावा. मी इथली यंत्रं सांभाळते, मोजल्याशिवाय राहवत नाही. तपासनीस यायच्या दिवशीच सकाळी मी हे बोलून गेले. "अगं, तो नातेवाइकांचा आहे!" मॅनेजर हार्लन कळवळले. नियम हेतू मोजत नाहीत, म्हटलं.

मग पलंग मामाच्या पिकअपवर चढला, त्याच्या मेंढवाड्यात लपायला, आणि मी पुढे मामाशेजारी. घाई इतकी, की तुझी गोधडीही वरच राहिली. घाटातल्या वळणावर नेमके तपासनीस समोरून आले. बर्फाळ रस्त्यावर समोरून पलंग येताना दिसला, की माणूस स्टिअरिंग विसरतो. त्यांची गाडी बर्फाच्या ढिगात, घोटा मुरगळलेला.

"मामा, उचल यांना."

"आणि ठेवू कुठे, तुझ्या डोक्यावर?"

आम्ही दोघांनीही मागे वळून पलंगाकडे पाहिलं.

अशा रीतीने सरकारी तपासनीस टोबायस क्विन, गोधडी गळ्यापर्यंत ओढून, सव्विसाव्या पलंगावर आडवे होऊन तपासणीला आले. हार्लन दारातूनच कुबड्या आणायला धावले.

"घाट आहे, हे पटलं," क्विन म्हणाले. "आणि हा पलंग कुठला?"

"ही आमची अ‍ॅम्ब्युलन्स," मामा म्हणाला.

मला खोटं जमत नाही. सकाळपर्यंत तो आत होता, मी सांगितलं.

"आणि आत्ता?"

"आत्ता तुमच्याखाली."

"मग मला आधी उतरवा. मी आत्ताचं मोजतो."

कुबड्यांवर फिरून त्यांनी मोजले. पंचवीस. दर्जा राहिला.

तुझी,
कारिन

ता. क. पलंग पुन्हा इस्पितळात पाठवू नये. माझ्या घरी ठेवू का?

आणखी ता. क. क्विन जाताना गोधडी पांघरूनच गेले. रविवारी ती परत द्यायला येणार आहेत. टपालानेही पाठवता येते, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं; ते "हो" म्हणाले आणि किती वाजता येऊ, असं विचारलं. तरी तुझ्या अ‍ॅपल पायची कृती ताबडतोब कळव. साखर ग्रॅममध्ये लिही, अंदाजपंचे नको. आणि मामाला यातलं काही बोलू नकोस.