हॅमर्सवरचा माझा बहिष्कार

६ एप्रिल
ठरलं! या वर्षी हॅमर्सची, म्हणजे आमच्या गावच्या बेसबॉल टीमची, एकही मॅच बघायची नाही. मालक लँगस्ट्रॉम टीम उचलून फ्लोरिडाला नेणार म्हणे. नेतो कसा, तेच बघतो. रिव्हर पार्क स्टेडियम ओस पडलं, खुर्च्यांवर कबुतरं बसली, की महाराज वठणीवर येतील. डोलोरेसला योजना सांगितली. ती म्हणाली, अरे नॉर्बर्ट, गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान हलवणाऱ्याला तू उरलंसुरलं गिऱ्हाईक पळवून अडवणार? बायकोला डावपेच कळत नाहीत.

७ एप्रिल
मोसमातली पहिली मॅच. गेलो. पण बघायला नव्हे. बहिष्कार कितपत पाळला जातोय हे बाहेरून कसं कळणार? नवव्या, म्हणजे शेवटच्या डावापर्यंत थांबावं लागलं. हॉट डॉग खाल्ला, पण निषेध म्हणून मोहरीचा सॉस लावला नाही. हॅमर्स हरले. हरू देत मेले.

२० एप्रिल
चर्चच्या हॉलमध्ये सभा. बहिष्कार समितीचा अध्यक्ष मी. (नाव मीच सुचवलं, वेळ वाचला.) मेहुणा चेट उठून म्हणाला, आपले आजोबा तिसऱ्या बेसमागे बसायचे, बाप तिथेच बसला, आणि आता आपणच पाठ फिरवायची? मी म्हटलं, प्रेम आहे म्हणूनच! टाळ्या पडल्या. चेटनं वाजवल्या नाहीत. उलट विचारतो, तू स्वतः तरी पाळणार का रे? जळतो माझ्यावर.

३ मे
आजपासून कॉमेंटरीही बंद. रेडिओ माळ्यावर टाकला. शेजाऱ्याचा चालू होता, त्याला माझा इलाज नाही. आठव्या डावात त्यानं आवाज कमी केला. कुंपणावरून ओरडून वाढवायला लावला. असले अर्धवट आवाज डोक्याला त्रास देतात.

११ जून
फत्ते! तिसऱ्या बेसमागचा सबंध स्टँड रिकामा. मधोमध माझा फलक: ‘लँगस्ट्रॉम, आमच्याशिवाय खेळून दाखव!’ पेपरचा फोटोग्राफर मीच बोलावला होता. फोटो पहिल्या पानावर! डोलोरेस म्हणाली, हा लँगस्ट्रॉमच्या हाती पडला तर? अगं, पडावा म्हणूनच तर काढलाय!

२९ ऑगस्ट
लीगच्या बैठकीत लँगस्ट्रॉमनं तोच फोटो मोठा करून बाकीच्या मालकांपुढे ठेवला. म्हणाला, या गावाला टीम नकोय, आणि हे मी म्हणत नाही, गावच म्हणतंय. सगळ्यांनी हात वर केले. टीम फ्लोरिडाला चालली.
डावपेच बरोबरच होते. समोरचा हलकट निघाला.
चेटचा फोन आला. घातलंस ना मातीत, म्हणाला, आणि आपटला. डोलोरेस उठून भांडी घासू लागली. बोलायला हवं होतं तिनं. माझी उत्तरं तयार होती.

२१ सप्टेंबर
उद्या रिव्हर पार्कवरची शेवटची मॅच. डोलोरेसनं विचारलं, तुझंही तिकीट काढू का? मी म्हटलं, अध्यक्षानं तरी तत्त्व सोडू नये. समिती माझ्या पाठीशी आहे. उद्या आत चिटपाखरू नसणार.

२२ सप्टेंबर
समिती आत. चेट आत. डोलोरेस आत. गावात घरी कोण उरलं होतं कोण जाणे. तिसऱ्या डावाच्या सुमारास मीही गेलो, म्हटलं अपवाद करू. तिकिटं सकाळीच संपलेली. खिडकीतला म्हणाला, सबंध उन्हाळा कुठे होतात साहेब?
मागच्या फाटकाशी उभा राहिलो. सातव्या डावाच्या मध्ये रिवाजाप्रमाणे सगळं स्टेडियम उभं राहून गायला लागलं. असा आवाज मी लहानपणीही ऐकला नव्हता. एवढी माणसं एप्रिलपासून आली असती तर! रडू आलं. टोपी काढून मीही गाऊ लागलो.
मागून हॉर्न. टीमचं सामान न्यायला आलेला ट्रक. ड्रायव्हर म्हणाला, काका, बाजूला होता का जरा? झालो. फाटक अरुंद, त्याला मागचं काही दिसेना, दोनदा खांबाला घासला. शेवटी मीच मागे उभा राहून, हात करून, “येऊ दे, येऊ दे” म्हणत ट्रक आत घेतला.