पोट जमिनीला

सेल्मा, द्राक्षं वाळत घातलीत ते दिवस

माझी लाडकी कूका मावशी,

तुझे दोन्ही हात इथूनच डोळ्यांना लावतो आणि आशीर्वाद मागतो. (आत्ताच देऊन टाक, पत्र संपल्यावर देशील याची मला खात्री नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? सलिनासचं धुकं त्यांना मानवत नाही हे मी इतकी वर्षं कंठशोष करून सांगतोय, पण तुला तिथली स्ट्रॉबेरी सोडवत नाही. पोपट अजून फादर दिसले की तेच बोलतो का? आम्ही देवाच्या कृपेने ठणठणीत आहोत. ग्रिसेल्दाचं पित्त तेवढं उसळतं, पण त्याचं कारण मी आहे असं ती म्हणते, तेव्हा औषधाचा खर्च नाही. दुकान बरं चाललंय, जोवर रस्त्यात खड्डे आहेत तोवर सायलेन्सर तुटणार आणि तोवर तुझा भाचा उपाशी मरणार नाही. सासूबाई, म्हणजे सगळ्या गावाच्या आदरणीय दोन्या एपिफानिया, आमच्याकडेच राहतात. (घर त्यांचं असल्यामुळे त्या हेच वाक्य उलटं सांगतात.)

आता कॉफी ओतून घे आणि नीट बस. मावशी, हा नाझारियो, ज्याला तू लहानपणी सायकलची चेन बसवता येत नाही म्हणून हसायचीस, त्याने एक गाडी बांधली आहे. विकत घेतली असं नाही, बांधली! काय झालं ते क्रमाने सांगतो, कारण मी शेवट आधी सांगून गोष्टीचा विचका करतो असा ग्रिसेल्दाचा आरोप आहे.

गाडी म्हणजे एक जपानी छोटा पिकअप. फाउलरच्या एका कोंबडीवाल्याकडून घेतला. त्याने तो इतकी वर्षं शेतात उभा ठेवला होता की कोंबड्यांनी त्यावर वारसाहक्क सांगितला होता. सीटच्या स्पंजात अंडी निघाली आणि एक कोंबडी तर घरापर्यंत सोबत आली. (ती राहिली. सासूबाईंनी तिचं नाव माझ्या नावावरून ठेवलं आहे.) तू विचारशील, बरी चालणारी गाडी उभी-आडवी कापून जमिनीवर निजवायची कशाला? मावशी, हौसेला 'कशाला' नसतं. मूळच्या कमानी काढून टाकायच्या, त्यांच्या जागी जाड रबरी हवेचे फुगे बसवायचे, मागे हवेची टाकी आणि कॉम्प्रेसर. एक बटण दाबलं की फुगे रिकामे होतात आणि गाडी सुस्कारा टाकून जमिनीवर पोट टेकते. दुसरं दाबलं की उठून उभी राहते. बघणारा शाळकरी असो की पेन्शनीतला, तो एकच म्हणतो, "परत कर ना!" आमच्या फादरनीही म्हटलं, आणि तेही प्रवचनाला उशीर झालेला असताना.

पण नुसतं बसून-उठून भागत नाही. अशा गाड्या बांधणाऱ्या आमच्या मंडळाचं नाव आहे 'पोट जमिनीला', आणि त्याचा धातूचा बिल्ला मागच्या काचेत लावायला मिळणं म्हणजे काय, हे तुला कसं सांगू! नियम दोनच. गाडी स्वतःच्या चाकांवर मैदानात आली पाहिजे. ट्रेलरवर लादून आणली तर पोरं "आली पालखीतली राणी!" म्हणून ओरडतात आणि त्या माणसाने तोंड लपवून मक्याच्या सालात उकडलेले तमाले खायला निघून जायचं असतं. दुसरा नियम खेळातल्या पत्त्याचा. मंडळाचा अध्यक्ष वेन्सेस्लाओ (अंगाने धान्याची कोठी, मनाने सरकारी कारकून) गाडीच्या उजव्या कडेखाली लोटेरियाचा, म्हणजे आपल्या चित्रांच्या पत्त्यांच्या खेळातला, बेडकाचा पत्ता सरकवतो, गाडी खाली बसते आणि मग तो पत्ता ओढतो. पत्ता सुटला तर तुमचं पोट अधांतरी. गेल्या वर्षी माझा पत्ता अलगद सुटला, आणि वेन्सेस्लाओने त्या पत्त्याने सगळ्यांदेखत स्वतःला वारा घातला. मावशी, मी वर्षभर त्या वाऱ्यावर जगलोय. दुकानात येणारं शेंबडं पोरही विचारायचं, "नाझारियोकाका, बेडूक कसा आहे?"

म्हणून यंदा मी सगळं मुळापासून केलं. मागे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, खालून खाचा पाडल्या, फुग्यांच्या बैठका नव्याने वेल्ड केल्या. पहिल्या चाचणीत किरकोळ गडबड झाली. गाडी गॅरेजच्या भिंतीला खेटून उभी होती, मी आत बसून हवा सोडली, ती शानदार खाली बसली, आणि डावा दरवाजा शेजारच्या पायरीच्या दगडात रुतला. उजवीकडे भिंत. कॉम्प्रेसरची तार मी अजून जोडलेली नव्हती. (तुझ्या मनात आलंच असेल, खिडकीतून बाहेर का नाही पडलास म्हणून. मावशी, तू मला लग्नानंतर फारसं पाहिलेलं नाहीस.) ग्रिसेल्दा बाजाराला गेलेली. सासूबाई तमाले उकडत होत्या. मी हाका मारल्या. त्या आल्या, मला नीट न्याहाळलं, काचेतून एक गरम तमाल आत दिला आणि म्हणाल्या, "आता निदान कुठे असतोस ते तरी कळेल." आणि गेल्या.

त्यांचा माझ्यावर राग होता, आणि तो इंजिनवरून होता. मूळ इंजिन कोंबड्यांच्या सहवासात इतकं शांत झालेलं की चढावर ते विचार करत थांबायचं. आणि अंगणात सासूबाईंची व्हॅन उभी होती, जिच्यातून त्यांनी आयुष्यभर बारशा-लग्नांना तमाले पोचवले. तिचा गिअरबॉक्स गेला, पत्रा गंजला, पण सहा सिलिंडरचं काळीज कसं, खणखणीत! मी म्हटलं, सासूबाई, माणूस गेला तर त्याचे डोळे दान करतात. त्या म्हणाल्या, "माणूस मेल्यावर करतात. ही खोकतेय अजून." शेवटी आठवडाभर अबोला धरून त्यांनी किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली.

आता व्हॅनचं काळीज या चिमुकल्या छातीत बसवणं म्हणजे काय, हे मलाच माहीत. रेडिएटर पुढे ढकलला, इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत कापली, माउंटिंग स्वतः घडवली, हिटर फेकून दिला. (थंडीत ब्लँकेट घेऊ.) तरी बॉनेट मिटेना. तेव्हा बॉनेटलाच भोक पाडून वर पत्र्याची टोपी वेल्ड केली, आणि ती इतकी रुबाबदार झाली की लोकांना वाटतं मुळातच ठरवून केली. पहिल्यांदा चालू केली तेव्हा कपाटातली भांडी हलली. सासूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या, इंजिनसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, "शेजारी तक्रार करतील" एवढंच बोलून आत गेल्या. मला वाटतं, पीठ डोळ्यात गेलं असावं.

आणि एवढं सगळं करून, मावशी, मंडळाच्या मेळ्याआधी दोन दिवस मी गॅरेजात स्वतः गाडीत बसून ग्रिसेल्दाला पत्ता ओढायला लावला, तर उजवीकडचा पत्ता सुटला! नखभरसुद्धा नाही, नखाच्या सालाइतकी फट. मी घासलं, कापलं, फुगे फिरवले, टायर बदलले. पत्ता आपला सुटतोच. मग माझ्या लक्षात आलं की दोष गाडीत नाहीच, फरशीत आहे. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने ओतलेलं काँक्रीट, एका बाजूला उतार असणारच. जेवताना मी हे शास्त्रीयदृष्ट्या समजावून सांगितलं. सासूबाईंनी पातेल्याचं झाकण असं आपटलं की कोंबडी नाझारियो उडून खिडकीत बसली. मी ताबडतोब विषय बदलला, पण मत नाही बदललं.

रविवार उजाडला. तुलारेच्या जत्रेच्या मैदानात आमच्या गाड्यांचा मेळा, आणि तिथेच चर्चचा तमाल्यांचा स्टॉल. मी गाडी पुसून चकचकीत केली, नवा शर्ट घातला, आणि बघतो तो दोन पातेली मागच्या हौद्यात आणि सासूबाई उजव्या सीटवर, चांगल्या झग्यावर आजीच्या काळची मोठी शाल पांघरून. म्हणे पातेली न्यायला फादरची गाडी येत नाहीये. मी काही बोलणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "माझी व्हॅन खाल्लीस ना? मग आता मला ने." मावशी, वर्षभराची तपश्चर्या, आणि स्पर्धेच्या गाडीत उकडलेल्या मक्याचा वास! पण रस्त्यात काय मजा आली म्हणतेस! रेल्वे फाटकापाशी मी गाडी वर घेतली, फाटक ओलांडून खाली सोडली, आणि मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवून सलाम केला. सासूबाईंनी राणीसारखा हात हलवला, दुसरा हात शालीत घट्ट. चढावर त्यांचं इंजिन असं काही गरजलं की त्या स्वतःशीच म्हणाल्या, "चल माझी बाई." मला उद्देशून असं कधी काही म्हणाल्याचं आठवत नाही.

मैदानात शिरलो तेव्हा वेन्सेस्लाओ बेडूक हातात घेऊन वाटच पाहत होता. पोरांनी पातेली स्टॉलवर नेली. वेन्सेस्लाओ अदबीने सासूबाईंना म्हणाला की दोन्या, आपण जरा उतरावं. त्या म्हणाल्या, "मी बसून आले. गाडी रस्त्यावर जशी आली तशीच तपासायची असते ना? का तुमचे नियम फक्त माझ्या जावयासाठी?" एवढा मोठा माणूस, पण पापण्या फडफडवत मागे सरला. कुणीतरी मागून कुजबुजलं, वजनाचा फायदा घेतोय. मीच ओरडलो, "अरे, भिजलेल्या कोंबडीएवढं वजन आहे त्यांचं, त्याने काय होतंय!" (सासूबाईंनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला त्याचं वर्णन मी करणार नाही.)

बटण दाबलं. गाडी सुस्कारली. बसली. वेन्सेस्लाओ गुडघ्यांवर आला, बेडकाचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. नाही सुटलं. दोन्ही हातांनी ओढलं. पत्त्याचं टोक त्याच्या हातात आलं, मावशी, आणि बेडूक माझ्या गाडीच्या पोटाखाली! जो काही गलका झाला! मी रडलो. लपवत नाही, तीनशे माणसांसमोर नव्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसत रडलो. वेन्सेस्लाओने बिल्ला स्वतःच्या हाताने काचेला लावला आणि मला मिठी मारली, माझ्या बरगड्या अजून दुखतायत. आता सिद्ध झालं ना, फरशीच वाकडी होती? सपाट जमीन मिळताच माझ्या वेल्डिंगने आपलं तेज दाखवलं. तुझा भाचा सबंध खोऱ्यात मान वर करून हिंडतो आहे, आणि आईबाबा असते तर त्यांनाही मी सीटवर बसवून हे दाखवलं असतं, याचं तेवढं वाईट वाटतं.

सलिनासच्या सगळ्यांना आठवण सांग. पोपटाला नको.

तुझा, आता बिल्लेवाला,
नाझारियो

ता.क. एक छोटंसं काम होतं. पुढच्या महिन्यात अ‍ॅरिझोनात मोठा मेळा आहे, तिथे मंडळ पुन्हा पत्ता घालणार. सासूबाईंनी आत्तापासून उजव्या सीटवर हक्क सांगितलाय, आणि मला ती जागा हत्यारांच्या पेटीला हवी आहे. तू त्यांना पंधरा दिवस पाहुणचाराला बोलाव ना. धुक्याची हवा चांगली असते, गुडघ्यांना विशेष मानवते, असं लिही. तुझं म्हणणं त्या टाळणार नाहीत.

ता.क. २. हे पत्र सासूबाईच टपालात टाकणार आहेत, म्हणून मी वरचा ता.क. अगदी बारीक अक्षरात लिहिला आहे.

कूकाबाई, मी एपिफानिया. अक्षर बारीक असलं तरी माझा चष्मा नवा आहे. पाकीट चिकटवलेलं असतं तरी वाफेवर उघडलं असतं, घरात पातेलं कायम चढलेलं असतं. मला बोलावू नका. फरशी सपाट आहे. माझ्या नवऱ्याने ओतली तेव्हा दोरीचं एक टोक मी धरलं होतं. तुमच्या भाच्याचीच गाडी उजवीकडे उचलून बसते, कारण डावीकडे तो बसतो. तो आंघोळीला गेला तेव्हा त्याच्या जागी त्याच्या वजनाची पिठाची पोती रचली, मी उजव्या सीटवर बसले आणि ग्रिसेल्दाला पत्ता ओढायला लावला. सुटला. मग मक्याचं पीठ वाटायचा माझा दगडी पाटा मांडीवर घेतला, तेव्हा बेडूक अडकला. फादरची गाडी येणारच होती, मीच नको म्हणून कळवलं. इंजिन माझं आहे. ते चारचौघांसमोर मान खाली घालून घरी आलेलं मला चाललं नसतं. तोही तसा आलेला नसता चालला, पण हे त्याला सांगू नका. रविवारपासून शीळ घालत हिंडतो, बरं वाटतं ऐकायला. अ‍ॅरिझोना लांब आहे. तुमच्याकडे एखादी जाड उशी असेल तर तेवढी पाठवा, पाट्याला तीन पाय आहेत आणि तिन्ही मांडीत रुततात.